मूस यांचा ग्रंथ व भूस्थानिक विद्येचा अभ्यास

ज्या ग्रंथाविषयीं आम्ही येथें लिहिणार आहों तो १९१० सालीं मुंबईंत छापलेला, इंग्रजी भाषेंतील, दोन भागांचा आणि बव्हंशीं कोष्टकांनीं भरलेला असा आहे. 'मुंबईच्या सरकारी वेधशाळेंत १८४६ ते १९०५ या काळांत घेतलेले चुंबकीय वेध व त्यांचें विवेचन' असें त्याच्या नांवाचें मराठी करतां येईल. कर्ते नानाभाई आर्देशर फ्रामजी मूस. असल्या पुस्तकाचें परीक्षण वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकांत कशाला, असें कोणी विचारल्यास त्यांत नवल नाहीं. परंतु गेल्या वीसपंचवीस वर्षांत आमच्या विद्यापीठांतून जी एक नवी विद्या शिकविली जाऊं लागली आहे, तिच्या विद्यार्थ्यांशीं व अध्यापकांशीं बोलतांना हा जुना ग्रंथ आम्हांस वारंवार आठवतो. आणि तेथें त्याची आठवण कोणालाच होत नाहीं ही गोष्ट आम्हांस केवळ शास्त्राच्या नव्हे, तर वाचनाच्या दृष्टीनेंहि चिंतेची वाटते.

ती विद्या म्हणजे भूस्थानिक तंत्रविद्या व तिची धाकटी बहीण पर्यावरणीय विदाशास्त्र. नांवें अवघड असलीं तरी वस्तु साधी आहे. आकाशांतून फिरणारा उपग्रह जमिनीचें चित्र घेतो. तें चित्र लहान लहान चौकोनांचें बनलेलें असतें. अमेरिकेच्या लॅण्डसॅट उपग्रहांच्या चित्रांत असा चौकोन बाजूस ३० मीटर, तर युरोपच्या सेंटिनेल-२ च्या चित्रांत १० मीटरपर्यंत लहान असतो. प्रत्येक चौकोनाचें स्थान ठरलेलें, व त्यांतून परतलेल्या निरनिराळ्या प्रकाशाचे आंकडे ठरलेले. त्यांवर पावसाचे, भरतीचे, हवेंतील धुराचे आंकडे थरावर थर रचून जंगल किती घटलें, किनारा किती खचला, पीक कसें आहे, हें संगणकाकडून काढवितात. पहिला लॅण्डसॅट १९७२ सालीं उडाला. आपला पहिला नित्य कामाचा दूरसंवेदन उपग्रह १९८८ सालीं. पवईच्या आय. आय. टी. मध्यें या विषयाचें केंद्र १९७६ पासून आहे, पुण्यास सिंबायोसिसची भूमाहितीशास्त्राची संस्था २००४ सालीं निघाली. २००८ पासून लॅण्डसॅटचीं चित्रें फुकट मिळूं लागलीं आणि २०२१ सालीं आपल्या सरकारनें नकाशांवरील जुनीं बंधनें बरींच सैल केलीं. तेव्हांपासून ज्याच्या घरीं एक बरा संगणक आहे तो घरबसल्या पृथ्वी मोजूं शकतो. मुलाला किंवा मुलीला या शाखेला घालावें काय, असें विचारणारे पालक आम्हांस भेटतात, आणि पुढें पगार किती मिळेल असें विचारणारे त्याहून अधिक भेटतात. पगाराचें उत्तर आम्हांस देतां येत नाहीं. विद्येविषयीं मात्र चार शब्द बोलतां येतील.

या विद्येचे जे अभ्यासक्रम आम्हीं पाहिले त्यांत नकाशाशास्त्र आहे, संख्याशास्त्र आहे, संगणकाच्या एकदोन भाषा आहेत, यंत्राला उदाहरणांवरून शिकविण्याची कला आहे. आणि हें सर्व असावयासच हवें. उणीव आहे ती आरंभीं. आंकडे हे कोठून तरी उतरवून घ्यावयाचे असतात, आणि खरें काम त्यानंतर सुरू होतें, अशी समजूत पहिल्याच सत्रांत विद्यार्थ्याच्या मनांत घर करून बसते. ज्या लॅटिन शब्दापासून 'डेटा' निघाला त्याचा अर्थच मुळीं 'दिलेल्या वस्तू' असा आहे. मराठीनें त्यासाठीं 'विदा' हा शब्द घडविला, तो जाणणें या अर्थाच्या धातूवरून. शब्द कानाला अजून रुळलेला नाहीं, पण अर्थानें तो इंग्रजीहून सरस आहे. आणि त्याहूनहि सरस आपली जुनी बोली. आपण वेध 'घेतों'. वेध कोणी देत नाहीं. कोणीतरी, कोठेंतरी, अमुक घटकेला, अमुक यंत्राला डोळा लावून तो घेतलेला असतो. दिलेलें आणि घेतलेलें यांतील हा फरक एकदां सुटला म्हणजे आंकडा चुकीचा असूं शकतो ही शंकाच मनांत येत नाहीं. मूस यांच्या ग्रंथाचें सारें बळ या फरकाच्या जाणिवेंत आहे.

ग्रंथ नीट कळावा म्हणून वेधशाळेची कुळकथा थोडी सांगितली पाहिजे. मुंबईच्या कुलाब्यावरील वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीनें १८२६ सालीं काढली. तेथें चुंबकाचे व हवामानाचे वेध १८४१ पासून सुरू झाले, तेव्हां एल्फिन्स्टन कॉलेजांतील प्रोफेसर ऑर्लिबार तिचे प्रमुख होते. मराठी वाचकाला या जागेचें अगत्य वाटावें अशीं दोन नांवें तिच्याशीं निगडित आहेत. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांनीं तिचें काम कांहीं काळ सांभाळलें. दुसरे नांव केरूनाना छत्रे यांचें. हे १८२५ सालीं अलिबागेजवळच्या नागांवीं जन्मले, आणि मिसरूड फुटण्याच्या वयांत ऑर्लिबारसाहेबांच्या हाताखालीं चुंबकीय वेध घेण्याच्या कामावर राहिले. पुढें पुण्यास जाऊन त्यांनीं 'ग्रहसाधनाचीं कोष्टकें' लिहिलीं आणि टिळकांना गणित शिकविलें, तें सर्वांस ठाऊक आहे; पण त्यांच्या विद्येचा पाया एका लोंबत्या चुंबकाकडे तासातासानें पाहण्यांत घातला गेला होता, ही गोष्ट त्यांच्या चरित्राच्या वाचकांच्या ध्यानांत सहसा राहत नाहीं. नागांवच्या नारळीपोफळींतून निघालेला मुलगा मुंबईस चुंबकसूची पाहूं लागला, आणि साठ वर्षांनीं ती सूचीच त्याच्या गांवाशेजारीं येऊन राहिली.

ती कां आली, हें ग्रंथाचें मर्म आहे. मूस यांचा जन्म १८५९ चा, शिक्षण एडिंबरोचें, १८९६ सालीं ते कुलाब्याच्या वेधशाळेचे पहिले हिंदी प्रमुख झाले. त्याच सुमारास मुंबईंतील घोड्यांच्या ट्रामी विजेवर चालविण्याचा बेत होऊं लागला. विजेचा प्रवाह जेथून जातो तेथें चुंबकत्व उत्पन्न करतो, आणि ट्रामचा प्रवाह रुळांतून व थोडासा जमिनींतूनहि परततो. म्हणजे कुलाब्याची सूची पृथ्वीचें चुंबकत्व सांगण्याऐवजीं ट्रामचें वेळापत्रक सांगूं लागली असती! मूस यांनीं धोका वेळींच ओळखला, मुंबईच्या दक्षिणेस सुमारें ३० किलोमीटरांवर अलिबागेस समुद्रकांठची जागा निवडली, आणि पोरबंदरी दगडाची इमारत बांधविली. त्या दगडांत चुंबकत्व नाहीं याची आधीं परीक्षा करून. बिजागऱ्याखिळ्यांतहि लोखंड चालावयाचें नव्हतें; तांबें व पितळ वापरलें. मुंबईंत विजेची पहिली ट्राम १९०७ च्या मे महिन्यांत धांवली. अलिबाग त्यापूर्वीं तीन वर्षें, १९०४ पासून, तयार होती. (ज्या ट्रामींनीं चुंबकाला गांव सोडावयास लावलें त्या १९६४ सालीं स्वतःच बंद पडल्या, आणि अलिबागेचे वेध अद्यापि चालू आहेत, हा योगायोग आम्हांस मोठा गमतीचा वाटतो.)

आणखी एक गंमत नांवाची. अलिबागेच्या समुद्रांतील किल्ल्याचें नांव कुलाबा, आणि जिल्ह्याचेंहि नांव १९८१ सालीं तो रायगड होईपर्यंत कुलाबाच होतें. म्हणजे वेधशाळा कुलाब्याहून कुलाब्यास गेली. जुन्या कागदांतील स्थलनामें वाचून तीं आपोआप नकाशावर टिपणारीं साधनें आतां निघालीं आहेत. त्यांनीं या स्थलांतराचें अंतर शून्य दाखविलें तर त्यांस दोष देतां येणार नाहीं. दोष त्यांच्या उत्तराची उलटतपासणी न करणाऱ्याचा.

पण मूस यांची थोरवी जागेच्या निवडींत तितकी नाहीं, जितकी पुढच्या दोन वर्षांत आहे. १९०४ ते १९०६ या काळांत कुलाबा व अलिबाग या दोन्ही ठिकाणचे वेध त्यांनीं एकाच वेळीं चालू ठेविले. नवी वेधशाळा सज्ज असतां जुनी चालू ठेवणें हा हिशेबनीसाच्या दृष्टीनें दुहेरी खर्चच. पण नव्या पायलीनें धान्य मोजूं लागण्यापूर्वीं जुन्या पायलीनें तेंच धान्य पुन्हां मोजून पाहिल्यावांचून दोन्ही हंगामांची तुलना कशी करावयाची? त्या दोन वर्षांमुळें कुलाब्याची साठ वर्षांची नोंद व अलिबागेची पुढील नोंद यांचा सांधा जुळला, आणि आज सुमारें पावणेदोनशें वर्षांची एक अखंड मालिका आपल्यापाशीं आहे. आजच्या शास्त्रज्ञांनींहि हाच मार्ग धरिला आहे. २०१३ सालीं लॅण्डसॅट मालिकेंतील आठवा उपग्रह कामावर चढविण्यापूर्वीं तो सातव्याच्या मागाखालून उडवून दोघांच्या डोळ्यांचा मेळ घालून घेतला होता. या उपग्रहांचीं चित्रें एकाखालीं एक मांडणाऱ्या किती विद्यार्थ्यांना ही गोष्ट माहीत असते, हें त्यांच्या अध्यापकांनीं एकदां विचारून पाहावें.

आतां ग्रंथाकडे वळूं. पहिल्या भागांत यंत्रें व आंकडे; दुसऱ्यांत घटना व त्यांची चर्चा. ही वांटणीच आम्हांस उद्बोधक वाटते. आजच्या निबंधांत साधनांचें वर्णन दोन परिच्छेदांत आटोपतें आणि मग निष्कर्षांची रेलचेल होते. येथें चर्चेच्या तोलाचा एक संपूर्ण भाग, हे आंकडे कोणत्या साधनांनीं व कसे मिळाले यासाठीं राखून ठेविला आहे. दुसऱ्या भागांत मूस यांची बुद्धि खरी प्रगट होते. चुंबकीय वादळ केव्हां सुरू झालें ती घटका शून्य धरून, अनेक वादळें एकावर एक ठेवून, त्यांनीं सरासरी वादळाचें चरित्र काढलें: आधीं एकाएकीं थोडा चढ, मग मोठा उतार, आणि नंतर दिवसेंदिवस चालणारी सावकाश भरपाई. पुढील संशोधकांनीं वादळांचा जो अभ्यास केला त्यांत या पद्धतीचा मान मोठा आहे. आणि हें सर्व हातानें, कागदावर.

दोषहि आहेत. लेखक सरकारी अधिकारी व भाषा सरकारी अहवालाची. वाचकाला हातीं धरून नेण्याची वृत्ति तींत नाहीं. कोष्टकांच्या अरण्यांत सामान्य वाचक दहाव्या पानावरच वाट चुकतो. आमची मुख्य तक्रार मात्र निराळी आहे. आषाढांतल्या मध्यरात्रीं, बाहेर समुद्र गर्जत असतां, दुर्बिणीला डोळा लावून आंकडा उतरणारा माणूस या कोष्टकांच्या मागें उभा आहे. मूस त्याच्या कामावर पूर्ण विश्वास टाकतात, पण वाचकाला तो आंकड्यांआडून स्वतःच शोधून काढावा लागतो. एखादी कादंबरी अशी लिहिली असती तर आम्हीं तिला निर्जीव म्हटलें असतें. या ग्रंथाला तसें म्हणवत नाहीं, त्याचें कारण १८५९ च्या सप्टेंबरांत आहे.

त्या महिन्याच्या १ तारखेस इंग्लंडांत रिचर्ड कॅरिंग्टन यानें सूर्यावरील डागांजवळ एकाएकीं लख्ख उजेड पाहिला. पुरते अठरा तासहि झाले नाहींत तोंच पृथ्वीवर चुंबकीय वादळ कोसळलें. युरोप-अमेरिकेंत तारायंत्रें बिघडलीं, आणि लंडनजवळच्या क्यू येथील छायाचित्रानें नोंद करणाऱ्या यंत्राची रेघ कागदाबाहेर निघून गेली. कुलाब्यास तेव्हां तसलें यंत्र नव्हतें. तें १८७२ सालीं आलें. तेथें माणसें डोळ्यांनीं पाहत होतीं. नियम असा कीं, एरवीं तासातासानें पाहावें, पण सूची ठराविक मर्यादेपलीकडे हलूं लागली तर पंधरा मिनिटांनीं, प्रसंगीं पांच मिनिटांनीं पाहावें. तो नियम २ सप्टेंबरच्या सकाळीं पाळला गेला. पृथ्वीचें आडवें चुंबकबल सुमारें १६०० नॅनोटेस्लांनीं, म्हणजे शेंकडा चारांच्या आसपास, घसरल्याची नोंद झाली, ती छापली गेली, आणि कपाटांत जाऊन बसली. २००३ सालीं सुरुतानी, गोन्झालेझ, लखिना व अ‍ॅलेक्स या चौघांनीं ती बाहेर काढून जगापुढें मांडली, तेव्हां त्या महावादळाचा उष्ण कटिबंधांतला हा एक अनमोल साक्षीदार आहे असें सर्वांच्या ध्यानांत आलें. यांतील लखिना व अ‍ॅलेक्स हे भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे. ही संस्था १९७१ सालीं कुलाबा-अलिबागेच्या वेधशाळांच्या वारशावर उभी राहिली, आणि तिचें मुख्य ठाणें आज नव्या पनवेलीस, म्हणजे रायगड जिल्ह्यांतच आहे.

पुढें वाद झाला. कांहीं विद्वानांनीं तासाची सरासरी घेऊन वादळ पुष्कळ लहान ठरविलें, कांहींनीं त्या क्षणिक घसरणीचें कारण निराळें दिलें. हा वाद आम्हांस सोडवितां येणार नाहीं. पण तो होऊं शकला, याचें श्रेय पांच-पंधरा मिनिटांनीं उठून पाहणाऱ्या त्या माणसांचें आहे. त्यांनीं सरासरी काढून ठेविली असती तर वादाला विषयच उरला नसता. आणि हा विषय केवळ पंडितांच्या करमणुकीचा नव्हे. १९८९ च्या मार्चांत याहून पुष्कळ लहान वादळानें कॅनडांतील क्वेबेक प्रांताची वीज नऊ तास घालविली. मोठें वादळ किती मोठें असूं शकतें, हें विचारूं गेलें कीं आजचा वीज-अभियंता कुलाब्याच्या त्या पानापाशीं येऊन पोंचतो.

आतां प्रश्न हा कीं, उपग्रहाच्या चित्रांवर वाढलेल्या विद्यार्थ्यानें या चुंबकपुराणांतून काय घ्यावें? उत्तर अलिबागेच्या किनाऱ्यावरच उभें आहे. कुलाबा किल्ल्यांत ओहोटीला पायीं जातां येतें, भरतीला जातां येत नाहीं. उपग्रह दर खेपेस सकाळीं जवळजवळ एकाच घटकेस वरून जातो. भरतीची वेळ मात्र रोज पाऊण तासाहून अधिक पुढें सरकते. दहा वर्षांच्या अंतरानें घेतलेलीं दोन चित्रें, एक ओहोटीचें व एक भरतीचें, शेजारीं ठेवून संगणकाला किनाऱ्याची रेषा काढावयास सांगितली तर तो निःशंकपणें सांगेल कीं, दहा वर्षांत समुद्रानें एवढी जमीन गिळली व एक किल्ला मुख्य भूमीपासून तोडला. गणितांत एका दशांशाची चूक असणार नाहीं. असे नकाशे विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत आम्हीं पाहिले आहेत, आणि त्यांस चांगले गुण मिळालेलेहि पाहिले आहेत. भरतीची नोंद मुंबईस अपोलो बंदरावर १८७८ पासून ठेविलेली आहे. तिच्याकडे वळण्यास कोणी बंदी केलेली नाहीं.

दुसरें उदाहरण खाडीकांठचें. अलिबाग तालुक्याच्या धरमतर खाडीकडील अंगास खारेपाट आहे. समुद्राचें पाणी बांधांनीं अडवून पिढ्यान् पिढ्या तेथें भात पिकविला. बांध फुटला, दुरुस्त झाला नाहीं, कीं खारें पाणी शेतांत शिरतें, आणि कांहीं वर्षांत तेथें कांदळवन उभें राहतें. उपग्रहाच्या चित्रांत तो चौकोन हिरवा होतो. पर्यावरणाच्या कोष्टकांत ती वाढ जमेच्या बाजूला पडते. आणि कांदळवन ही किनाऱ्याची संपत्ति आहे, याविषयीं आमचा मतभेद नाहीं. परंतु त्याच चौकोनांत एका कुटुंबाचा सातबारा बुडालेला असतो, आणि झाडें उगवल्यावर त्याला बांध पुन्हां घालणेंहि कायद्यानें दुरापास्त होतें. चित्र खोटें नाहीं. त्या हिरव्या रंगाला नांव काय द्यावयाचें, हें मात्र खारेपाटांत जाऊन विचारल्यावांचून ठरत नाहीं.

तिसरें, रेषेच्या जाडीचें. समुद्रकिनारा नियमनाच्या २०१९ च्या अधिसूचनेनें दाट वस्तीच्या ग्रामीण भागांत भरतीरेषेपासून ५० मीटरांचा पट्टा बांधकामास वर्ज्य ठरविला. विरळ वस्तीस तो २०० मीटर आहे. पंचवीस हजारांस एक या प्रमाणाच्या नकाशावर एक मिलिमीटर जाडीची रेघ जमिनीवर २५ मीटर व्यापते. म्हणजे कोळीवाड्यांतल्या एखाद्या घराचें भवितव्य अर्धें त्या पेन्सिलीच्या टोंकांत असतें! मोठ्या प्रमाणाचे नकाशे करण्याची सोय कायद्यांत आहे. पण ती रेषा कोणी, केव्हां, कोणत्या भरतीला घेतली, हा प्रश्न मोठ्या नकाशानें सुटत नाहीं, केवळ ठळक होतो.

आमच्या या म्हणण्यावर असा आक्षेप येईल कीं, ही जुन्याच्या अभिमानाची भाषा आहे. प्रत्येक विद्यार्थ्यानें दुर्बिणीला डोळा लावून बसावें काय? तसें आमचें म्हणणें नाहीं. मूस स्वतः आंकडेमोडीचे पुरुष होते, आणि आजचा संगणक त्यांच्या हातीं आला असता तर त्यांनीं तो दूर सारला नसता. साठ वर्षांच्या वेधांतून नियम काढण्याची हौस ज्याला आहे त्यालाच यंत्राची किंमत खरी कळते. परंतु त्यांनीं नियम काढण्यापूर्वीं सांधा जुळविला, आणि सांधा कसा जुळविला तें लिहून ठेविलें. आजचे पुष्कळ विद्यार्थी तिसऱ्या पायरीवर जन्म घेतात. त्यांत त्यांचा दोष थोडा आहे. वेध घेण्यास वेळ लागतो व त्याला परीक्षेंत गुण नाहींत. सहा महिन्यांच्या सत्रांत सहा महिन्यांची नोंद पुरी होत नाहीं. आणि ज्या अध्यापकाला स्वतःच्या निबंधांची संख्या दरसाल दाखवावी लागते तो विद्यार्थ्याला किनाऱ्यावर खांब रोवून बसावयास सांगेल, ही आशा कोणत्या तोंडानें करावी? विद्यापीठांनीं हा हिशेब बदलावयास हवा, आणि तो त्यांनाच बदलतां येईल. पहिल्या सत्रांत मूस यांच्या पहिल्या भागांतील निवडक प्रकरणें पाठ्य म्हणून लावावीं. दुसरे कोणतेंहि तसें पुस्तक चालेल, पण हें आपल्या घरचें आहे. त्याजबरोबर प्रत्येकाकडून एक लहानशी नोंद, विहिरीच्या पाण्याची, भरतीच्या खुणेची किंवा नुसत्या पावसाची, वर्षभर ठेववून घ्यावी, आणि पदवीच्या प्रबंधांत ती कोठें व कां खंडित झाली याचें प्रांजळ निवेदन मागावें. खंडित न झाली असें सांगणाऱ्याचे गुण आम्ही तर कापूं.

मुंबईपुण्याच्या वर्गांना अलिबाग कांहीं दूर नाहीं. संस्थेची आगाऊ परवानगी काढून वेधशाळा दाखवावी. किल्ल्या, चाकू, कमरेचे पट्टे बाहेर ठेवण्याची वेळ आली म्हणजे आपल्या अंगावर किती लोखंड आहे हें मुलांना प्रथमच कळेल. तेथून किल्ला चालत जाण्याजोगा आहे. निघण्यापूर्वीं त्या दिवसाचें भरतीचें कोष्टक पाहण्याचें काम मात्र अध्यापकांनीं करूं नये, विद्यार्थ्यांवर सोपवावें. तें चुकलें तर पुढच्या ओहोटीपर्यंत सर्वांनाच तटावर बसावें लागेल, व तेवढ्या अवकाशांत मूस यांचीं बरींच पानें वाचून होतील.